चेंडूवरचे जाळे

वेदगंगेकाठच्या मुरगूडला एका लग्नघरी रुखवताच्या मांडणीत आम्ही एक टोपडे पाहिले. नवरीच्या रुखवतात तान्ह्या बाळाचे टोपडे असावे यात नवल नाही. सांडगे, शेवया, लाडू, भरलेले रुमाल, मण्यांची गाय, दारचे तोरण, ताटावरची झाकणी यांच्या गर्दीत ते कुठेतरी कोपऱ्यात असतेच. हे टोपडे पांढऱ्या दोऱ्याचे, क्रोशाने विणलेले होते. मागे चपटी गोल चकती, तिच्यापुढे डोक्यावर बसेल असा फुगीर भाग, आणि चेहऱ्याभोवती येईल अशी दाट, लाटालाटांची झालर. ज्यांनी ते विणले त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. गल्लीत सगळे त्यांना काकी म्हणतात, आम्हीही येथे काकीच म्हणू.

मागची चकती इतकी चपटी कशी बसली, टाके किती वाढवायचे हे कसे ठरवले, असे आम्ही विचारले. काकी म्हणाल्या, "ठरवायचं काय त्यात? फेराला सहा-सहा वाढवायचं. कमी केलं तर वाटी होतीया, जास्ती केलं तर झालर." म्हणजे हे गणितच की, असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्या हसल्या. "गणित कशाचं? नुसती वीण हाय."

काकींचे पहिले उत्तर हा भूमितीतला एक सिद्धान्त आहे. दुसरे उत्तर म्हणजे शे-दीडशे वर्षांच्या शिक्षणाच्या इतिहासाने दिलेला निकाल आहे. सिद्धान्त खरा आहे. निकाल मात्र पुन्हा तपासून पाहावा असे आम्हांस वाटते, आणि या लेखाचा खटाटोप त्यासाठी.

प्रथम वीण. ज्यांनी क्रोशाची सुई हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगायला हवे की या विणकामात टोकाला आकडी असलेली एकच सुई असते आणि एका वेळी एकच टाका जिवंत असतो. दोऱ्याच्या फासातून दोरा ओढत गेले की साखळी होते. साखळीच्या घरात सुई घालून ठेंगणा टाका घातला तर तो मुका खांब, दोऱ्याचा वेढा घेऊन उंच टाका घातला तर तो खांब. (हे शब्द कोणत्या समितीने घडवले? कोणत्याच नाही. परिभाषा कोशांची वाट न पाहता बायकांनी आपल्या कामाची परिभाषा केली, आणि ती आजही बिनतक्रार चालते. 'मुका खांब' हा शब्द तर कोणत्याही कोशकाराने हेवा करावा असा.) गोल वीण मधल्या फासात सहा मुके खांब घालून सुरू होते. दुसऱ्या फेरात बारा, तिसऱ्यात अठरा, चौथ्यात चोवीस.

सहाच का? मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो. एक फेर वाढला की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते; मग परीघ दोन पायने, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा. पाव टाका घालता येत नाही, आणि दोरा तेवढी ओढ सोसतो, म्हणून सहा. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून खांबांच्या चकतीत फेरागणिक बारा वाढवतात. आम्ही काकींना मुद्दाम विचारले, दोरा सोडून जाड लोकर घेतली तर? "सहाच." आणि मुक्या खांबाऐवजी खांब घातला तर? "मग बारा." ही दोन उत्तरे वाचकांनी लक्षात ठेवावीत; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

वाटी, चकती, झालर: वाढ कमी, वाढ बरोबर, वाढ जास्त. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली वक्र पृष्ठांविषयी जो प्रबंध मांडला त्यात पृष्ठाची वक्रता मोजण्याची रीत आहे, आणि तिच्याप्रमाणे पृष्ठे धन वक्रतेची, शून्य वक्रतेची व ऋण वक्रतेची असतात. वाटी वा चेंडू धन, कागद शून्य, झालर ऋण. काकींच्या एका टोपड्यात तिन्ही भेटतात, ओळीने.

आता इतिहासाकडे वळू. सुईची ही जात फार प्राचीन नाही. आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो ते काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रूढ झाले, नमुन्यांची छापील पुस्तके १८४० नंतर निघू लागली, आणि आयर्लंडच्या १८४५ ते १८४९ च्या दुष्काळात तर क्रोशाची लेस हा अनेक घरांचा पोटाचा आधार झाला. आपल्याकडे ते मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आले. आंध्रातील नरसापूरचा लेसचा धंदा याच वाटेने उभा राहिला. मराठी मुलखात सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनऱ्याबाई १८२७ साली मुंबईस आल्या व पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवू लागल्या. अशा शाळांत लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणटिपण असे. मुलीला शाळेत पाठवण्यास कचरणाऱ्या आईबापांना ते पटण्याजोगे होते. अक्षरांनी मुलगी बिघडेल ही भीती असली तरी सुईने कोणी बिघडत नाही याची खात्री होती.

याच खात्रीचे पुढे धोरण झाले. १८८४ साली रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नाने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आजचे हुजूरपागा. तेथील अभ्यासक्रमावर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी जी टीका केली तिचा आशय असा की मुलांचा अभ्यास मुलींना कशाला. त्यांना मराठी वाचणे-लिहिणे, शिवणकाम, गृहकृत्ये, नीतीचे धडे पुरेत. वाद मोठा झाला, आणि शाळाही टिकली. टिळकांना येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी विरोधक व पुरस्कर्ते या दोघांनाही एक गोष्ट न बोलता मान्य होती, तिच्याकडे आम्हांस बोट दाखवायचे आहे. ती अशी की शिवणविणकाम एका खोलीतले व गणित दुसऱ्या खोलीतले. सुधारक म्हणत, मुलीला दुसऱ्या खोलीतही जाऊ द्या. सनातनी म्हणत, पहिली पुरे. दोन्ही खोल्यांत एकच विषय चालला असेल असे कोणाच्या मनात आले नाही. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले तेव्हा गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांना विद्यापीठीय मान दिला. तो मोठा पल्ला होता. पण तेथेही घर हे शास्त्राचे क्षेत्र झाले ते स्वच्छता, आहार व हिशेब यांच्या दाराने. विणीतल्या भूमितीला दार सापडले नाही.

आणि गंमत अशी की मराठी मुलखातला सर्वांत थोर गणिती ग्रंथ एका मुलीच्या नावाने ओळखला जातो. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' इ. स. ११५० चा, 'लीलावती' हा त्याचा पाटीगणिताचा भाग. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे, आणि तो जगापुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या लग्नघटिकेत मोती अडकला व मुहूर्त चुकला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिचा आधार मात्र फैजीने १५८७ साली अकबरासाठी केलेले फारसी भाषांतर हा आहे. कथा खरी असो वा नसो, ग्रंथात जागोजागी प्रश्न विचारले आहेत ते एका बालेला. मात्र कापडाचा प्रश्न आला की संबोधन बदलते: तीन हात रुंद व आठ हात लांब अशा आठ रेशमी वस्त्रांना शंभर निष्क पडतात, तर साडेतीन हात लांब व अर्धा हात रुंद वस्त्राला किती, हे तेथे वाण्याला विचारले आहे. विकणाऱ्याला गणित लागते हे आचार्यांना दिसत होते. विणणाऱ्याला त्यांनी काही विचारले नाही.

परंतु त्याच ग्रंथात, गोलाच्या पृष्ठफळाचा नियम सांगताना, आचार्यांना जी उपमा सुचली ती थेट विणीतली आहे. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मधोमध कापून मिळणाऱ्या वर्तुळाच्या चौपट, हे सांगून ते पृष्ठफळ कशासारखे, तर चेंडूवर सर्व बाजूंनी चढवलेल्या जाळ्यासारखे, असे ते म्हणतात. उपमा वरवरची नाही. 'गोलाध्याया'वरच्या आपल्याच भाष्यात त्यांनी ही रीत उलगडून दाखवली आहे: मातीचा वा लाकडाचा एक गोल घ्यावा, माथ्यावर एक बिंदू करावा, परिघाचा शहाण्णवावा भाग, म्हणजे २२५ कला, एवढ्या अंतरावर त्या बिंदूभोवती पहिले वर्तुळ काढावे, दुप्पट अंतरावर दुसरे, तिप्पट अंतरावर तिसरे, असे करीत मध्यरेषेपर्यंत चोवीस वर्तुळे. त्या वर्तुळांच्या त्रिज्या म्हणजे ज्योतिषातील चोवीस ज्या, आजच्या भाषेत साइन. दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळे काढून बेरीज करावी. लल्ल नावाच्या आधीच्या आचार्याने गोलाचे पृष्ठफळ चुकीचे दिले होते, त्याची भास्कराचार्यांनी या संदर्भात चांगली झडती घेतली आहे.

माथ्यावर बिंदू, त्याभोवती समान अंतरावर फेर, प्रत्येक फेराची लांबी ज्याच्या हिशेबाने. काकी टोपी याहून वेगळी कशी विणतात? क्रोशाचा फेर म्हणजेच आचार्यांचा पट्टा. तेव्हा आम्हांस मोह झाला की आचार्यांच्या रीतीने एका चेंडूचा नमुना लिहून पाहावा. चोवीस फेर फार झाले. ज्याच्या मध्यावर ३६ टाके बसतील असा लहान चेंडू घेतला. मुका खांब चौकोनी धरला तर एक टाका म्हणजे वर्तुळाचे १० अंश, आणि माथ्यापासून मध्यापर्यंत नऊ फेर. ३६ ला १० अंशाच्या, २० अंशाच्या, ३० अंशाच्या ज्याने गुणत गेलो. अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाला नेल्यावर आकडे आले ते असे: ६, १२, १८, २३, २८, ३१, ३४, ३५, ३६. मग त्याच क्रमाने उलटे खाली. एकूण टाके ४१०. याच चेंडूच्या मधल्या वर्तुळाची सपाट चकती केली तर तिचे क्षेत्रफळ होते १०३ टाके, आणि त्याची चौपट ४१२. आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा नियम दोन टाक्यांच्या फरकाने दोऱ्यात उतरला, हे पाहून आम्ही थोडे खूश झालो. त्या खुशीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

तूर्त झालरीकडे जाऊ, कारण या इतिहासातली खरी चुरस तेथे आहे.

यूक्लिडच्या भूमितीत रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा जाते. हे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्यात दोन हजार वर्षे थोरामोठ्यांची डोकी शिणली. १८२९ साली रशियात लोबाचेव्हस्कीने व १८३२ साली हंगेरीत बोयाइने स्वतंत्रपणे दाखवले की अनेक समांतर रेषा मानूनही निर्दोष भूमिती रचता येते. हीच अयूक्लिडीय, पुढे अपास्तीय म्हटली गेलेली भूमिती. तर्काने ती निर्दोष होती, पण ती पाहायची कोठे? १८६८ साली बेल्त्रामी या इटालियन गणितज्ञाने तिची प्रतिरूपे मांडली व कागदाचे तुकडे चिकटवून एक नमुनाही केला. १९०१ साली हिल्बर्टने सिद्ध केले की आपल्या तीन मितींच्या अवकाशात असे संपूर्ण, कोठेही न मोडणारे, गुळगुळीत पृष्ठ सूत्राने मांडताच येणार नाही. या सिद्धान्ताचा अर्थ 'पूर्ण' पृष्ठापुरता होता. त्याचा तुकडा करायला कोणाची बंदी नव्हती. तरी विद्यार्थ्यांच्या मनात ही भूमिती अदृश्य, केवळ कल्पनेची, अशीच राहिली. १९७० च्या दशकात विल्यम थर्स्टन या अमेरिकन गणितज्ञाने कागदाच्या कमानदार पट्ट्या चिकटवून तुकडे करण्याची युक्ती प्रचारात आणली. ते नमुने दोनचार हात फिरले की फाटत.

१९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना तायमिन्या यांनी असा एक फाटका कागदी नमुना पाहिला. त्या लॅटव्हियाच्या; विणकाम लहानपणापासून हातात. त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि एकच नियम ठरवला: ठराविक टाक्यांनंतर एक टाका जास्त, आणि हा ठराविक आकडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बदलायचा नाही. चकतीत वाढीचा आकडा सहावर स्थिर असतो. येथे वाढीचे प्रमाण स्थिर. फरक किती पडतो ते पाहावे. सहा टाक्यांपासून निघून प्रत्येक टाक्यात दोन असे विणत गेले तर दहाव्या फेरात चकतीला जेथे ६० टाके लागतात तेथे या विणीला ३,०७२ लागतात. एवढ्यांना सपाट जागा कोठली? ते लाटा घेतात, एकमेकांवर चढतात, कोबीच्या पानासारखे, दसऱ्याच्या माळेतल्या कोंबड्याच्या फुलासारखे दुमडतात. तायमिन्यांच्या विणीवर घडी घालून सरळ रेषा पाडता येतात, त्यांवर रंगीत दोरा घालता येतो, आणि एका बिंदूतून तिसऱ्या रेषेला न भेटणाऱ्या दोन-तीन रेषा डोळ्यांनी पाहता व बोटांनी चाचपता येतात. त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००९ साली आले. त्याला आधी वर्षातल्या सर्वांत विक्षिप्त शीर्षकाचे बक्षीस मिळाले आणि २०१२ साली अमेरिकेतील गणित संस्थेचे ऑयलर पारितोषिक. हा क्रमही बोलका आहे.

त्यानंतर तर सुई व गणित यांची उघड सोयरीक झाली. ब्रिस्टल विद्यापीठातील हिंके ओसिंगा व बर्न्ड क्राउस्कोफ हे हवामानाच्या समीकरणांतून निघणाऱ्या 'लोरेन्झ पृष्ठा'चा अभ्यास करीत होते. ते पृष्ठ वर्तुळावर्तुळांनी वाढवणारा त्यांचा संगणकी कार्यक्रम म्हणजे प्रत्यक्षात क्रोशाचा नमुनाच आहे, हे ओसिंगाबाईंच्या ध्यानात आले. कोणत्या फेरात कोठे टाका वाढवायचा व कोठे घटवायचा हे संगणकाने लिहून दिले, त्यांनी ते ८५ तासांत विणले, आणि २००४ साली दोघांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. टाके २५,५११.

येथे एक मोह टाळायला हवा. तायमिन्यांची कथा वाचून पुष्कळजण टाळी देतात व म्हणतात, गणितज्ञांना दोन हजार वर्षे जे दिसले नाही ते आमच्या आज्या रोज विणत होत्या. हे आम्हांस मान्य नाही. काकींची झालर दोन-तीन फेरांची आहे. समांतर रेषांचा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, आणि पडला नाही म्हणून झालरीने त्याचे उत्तर दिले असे म्हणणे ही काकींची खोटी स्तुती झाली. करणे आणि सिद्ध करणे यांत अंतर आहे. ते पुसून टाकले तर लोबाचेव्हस्कीचे श्रम हलके होतात आणि काकींनाही काही मिळत नाही.

मग काकींपाशी काय आहे? वर लक्षात ठेवण्यास सांगितलेल्या दोन उत्तरांकडे परत यावे. दोरा जाड झाला तरी सहाच. टाका उंच झाला तर बारा. म्हणजे फेरागणिकची वाढ टाक्याच्या आकारमानावर अवलंबून नसून त्याच्या उंची-रुंदीच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कोणती राशी कामाची व कोणती बिनकामाची हे ओळखणे ही गणितातली पहिली पायरी, आणि आमच्या अनुभवाने बहुतेक विद्यार्थी तेथेच अडखळतात. 'कमी केलं तर वाटी, जास्ती केलं तर झालर' हे वाक्य एका टोपड्याविषयी नाही. ते सगळ्या गोल विणींविषयी आहे. त्यात सामान्यीकरण आहे, उलट बाजूची तपासणी आहे. उणीव आहे ती एवढीच की 'का' असे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्या शाळेत होत्या तेवढ्या वर्षांत शिवणाच्या तासाला परिघाचे सूत्र आले नाही व परिघाच्या तासाला सुई आली नाही. आमच्या वेळी शाळेत मुले कार्यानुभवाला पुठ्ठ्याचे घनाकार करीत आणि मुली रुमाल विणत. घनाकारांना भूमितीचे गुण मिळत.

मोजदादीचा आणखी एक इतिहास आहे, तो पैशाचा. मुरगुडाहून निपाणी जवळ. तेथे तंबाखू, आणि विड्या वळणाऱ्या बायका. विडी हजारावर मोजतात, मजुरी हजारावर ठरते, आणि तिच्यावरून भांडणे, मोर्चे, संप होतात. दुसऱ्या बाजूला इचलकरंजी. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि मीटरवर मोजल्या जाणाऱ्या कापडाचे शहर उभे राहिले. क्रोशाचे मात्र खरे यंत्र आजवर रूढ झालेले नाही. त्याचा एकेक टाका माणसाच्या हातानेच घालावा लागतो. तरी या दोन गावांच्या टापूत सर्वांत कमी मोजले जाते ते हेच काम. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांमध्ये राहून जो अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हाच. परदेशी निर्यात होणारी लेस दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या बायका कामगार गणल्या जात नव्हत्या. घरबसल्या रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी म्हणून त्यांची नोंद होई, आणि मजुरी त्या नोंदीला साजेशी असे. ज्याला विद्या म्हटले नाही त्याला काम तरी का म्हणावे? 'नुसती वीण हाय' या उद्गाराला हीही बाजू आहे. रुखवतातल्या टोपड्याला किती तास लागले हे आम्ही विचारले तेव्हा काकींना प्रश्नच चमत्कारिक वाटला. झालरीच्या एका फेराला किती टाके हे मात्र त्यांनी न मोजता सांगितले.

आता आमच्या चेंडूविषयी. तो ६, १२, १८, २३ चा कागद घेऊन आम्ही पुढच्या खेपेस काकींकडे गेलो. त्यांनी आकडे नातवाकडून वाचून घेतले, डोळे मिटून ऐकले आणि तिसऱ्या आकड्यानंतर त्याला थांबवले. अठरावरून तेवीस म्हणजे पाच वाढवायचे. ते कुठे वाढवायचे? आम्ही गप्प. आमच्या कोष्टकात फेरात किती टाके एवढेच होते, वाढ कोणत्या टाक्यावर हे नव्हतेच. ज्या आकडा देते, जागा देत नाही. काकी म्हणाल्या, दरवेळी एकावर एक वाढवलं तर कोपरे निघतात, गोलाचा सहाकोनी होतो. आधीच्या फेरातली वाढ टाळून दोन वाढींच्या मधे वाढवावे लागते. आम्ही घरी येऊन विचार केला तेव्हा पटले: वाढी एकाखाली एक आल्या की वक्रता सगळीकडे न पसरता सहा शिरांवर साचते.

त्यांची स्वतःची रीत वेगळी आहे. सहा फेर सहा-सहाने वाढवत ३६ वर जायचे, मग काही फेर न वाढवता सरळ, मग सहा-सहाने घटवत खाली. आमच्या हिशेबाने तो गोल नव्हे. दोन टोकांना चपटा, मधे नळीसारखा. त्यांनी दोन्ही विणले, आमचा निळ्या दोऱ्यात, त्यांचा लाल. रिकामे असताना फरक स्पष्ट दिसत होता. आमचा गोल, त्यांचा डब्यासारखा. मग त्यांनी दोन्हींत कापूस गच्च भरला, तोंडे ओढून बंद केली आणि दोन्ही आमच्या हातावर ठेवले. डोळे मिटून कोणता कोणाचा हे आम्हांस सांगता आले नाही. दिवाळीच्या तोरणाला गोंडे हवेच होते. सध्या ते दोन्ही त्यांच्या दारावर लागले आहेत, निळा डावीकडे.